मागून घेतलेली अर्धी भाकर

“थांबा बाई!” म्हणत काकूनं पिठाचा हात वर केला, की ओळखावं, तिच्या नजरेत काहीतरी आलंय. पाथरीच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाकाला होती आणि मी अधीक्षिका. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हजेरीपट नसतानाही त्यांना सगळं कळतं.

त्या वर्षी आमच्या खो-खो संघातली अकरावीची एक मुलगी वाळत चालली होती. मला वाटलं, नखरे. मी रागावलेही. काकूनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

“रागावू नका बाई. पोरगी भाकर ओढणीत लपवायली. जेवलीच तर न्हाणीत जाऊन वकायली, आवाज येऊ नये म्हणून वरून नळ सोडून. हे नाटक न्हाई, दुखणं हाय.”

जवळ बसवून विचारलं तेव्हा मुलगी रडली. मैदानावर कुणीतरी ‘जाडी’ म्हणून हसलं होतं. तिच्या आईला बोलावून आम्ही परभणीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे निघालो. एसटीत पाहते तर काकूही चढलेली! डॉक्टर म्हणाल्या, बळजबरी नको, वजनावर-दिसण्यावर बोलणं नको. सोबत जेवा, आणि जेवणानंतर तिला एकटं सोडू नका.

काकूनं ते असं मनावर घेतलं, की विचारू नका! रोज आपलं ताट घेऊन तिच्या शेजारी. आणि गप्पा! दावं तोडून पळालेल्या म्हशीच्या, स्वतःच्या लग्नात नवरदेवाच्या हरवलेल्या बुटाच्या. जेवण झालं की तासभर दोघी सागरगोटे खेळायच्या. मधे दोनदा सगळं पुन्हा बिघडलं. काकू एवढंच म्हणाली, “उद्या परत बसू की.”

काही महिन्यांनी एका दुपारी काकू पळतच माझ्या खोलीत आली.

“बाई! मागितली! ‘काकू, अजून अर्धी भाकर द्या’ म्हणली! स्वतःच्या तोंडानं!”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काईच न्हाई! कौतुक केलं तर पोरगी बुजंल. निस्ती वाढली अन् हिकडं पळाले!”

दार लोटून काकूनं चक्क माझे हात धरले आणि फुगडी सुरू केली. आम्ही दोघी थोराड बायका, तोंडं मिटून हसत, गरगर फिरलो.

ती मुलगी आता नर्सिंग शिकतेय. अधूनमधून डॉक्टरांकडे जाऊन येते.

काकू गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे, जिंतूरला राहायला गेली. जीप सुटली तरी ती खिडकीतून स्वयंपाकाच्या नव्या बाईंना सांगतच होती, “ती कोपऱ्यातली लहानी कारलं खात न्हाई! तिला आग्रह करू नगा! अन् ती चष्म्याची...”

जीप वळली. चष्म्याच्या मुलीचं काय, ते ऐकायला आम्ही सगळ्याजणी फाटकापर्यंत धावलो.