पोचा पडलेली किटली

आमच्या घरात राग मिठासारखा होता, प्रत्येक पातेल्यात थोडा पडायचाच. वडील गेल्यावर मटणाची खानावळ थोरल्या भावाकडे आली आणि राग सगळाच त्याच्याकडे गेला, असं लोक म्हणतात. खोटं आहे. निम्मा माझ्याकडे आहे.

तो रस्सा करायचा, मी पार्सलं बांधायची. उकळता तांबडा रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ओतायचा आणि तोंडाला दोऱ्याचे वेढे मारायचे. माझ्या बोटांची सालं जायची, पण तक्रार कुणाचीच नव्हती. मग गिऱ्हाईक बदललं. तरणी पोरंपोरी विचारायला लागली, "मावशी, गरम रस्सा पिशवीत नको, दुसरं काय हाय?" त्यांचं ऐकून मी उसाच्या चिपाडापासून केलेल्या वाट्या मागवल्या. चहूकडं ऊसच ऊस, म्हटलं आपल्याला शोभतील. पण मी आणल्या त्या होत्या स्वस्तातल्या, कोरड्या खाऊच्या. तांबडा पडला की बूड मऊ. भावानं एक वाटी गिऱ्हाइकांसमोर मुठीत चुरगाळली आणि माझ्या तोंडावर फेकली.

मग मी आईची स्टीलची किटली काढून गल्ल्यावर ठेवली. घरून किटली आणा, डबा आणा, पळीभर रस्सा जास्त देते, असं येईल त्याला सांगत सुटले. भाऊ आतून ओरडला, "लोकं खायाला येत्यात, भांडी घासायला न्हाय."

"व्हय, आणि तुझी पिशवी कोण घासणार? पंचगंगा?" मी म्हटलं. गिऱ्हाइकं हसली. ते त्याला लागलं.

त्याच आठवड्यात, रविवारी, कागलचा एक पावणा रश्श्याची पिशवी बायकोच्या मांडीवर देऊन मोटारसायकलवर निघाला. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरला गाडी आदळली आणि पिशवी फुटली. ती किंकाळी आम्हाला खानावळीत ऐकू आली. बायकोला तिथल्या नळाखाली बसवून तो माणूस पळत आला आणि फाटकी पिशवी त्यानं भावाच्या तोंडावर मारली.

भावाच्या हातात लोखंडी पळी होती. पहिला घाव कानावर बसला, दुसरा नाकावर. पावणा बाकड्यासकट खाली गेला, त्याच्यावर कुणाची तरी ताटं पडली. फरशीवर रक्त कुठलं आणि तांबडा कुठला, कळेना. तरी भाऊ हाणतच होता. "माझ्या रश्श्याला नाव ठिवतंय," एवढंच म्हणत होता. मी त्याचं मनगट धरलं. "दादा, सोड त्याला. त्याची बायको भाजलीया. पिशवी बंद कर म्हणून मी कवापासनं सांगतीया."

भरल्या खानावळीत बहिणीनं अक्कल शिकवलेली त्याला सोसली नाही. त्यानं गल्ल्यावरची आईची किटली उचलली आणि माझ्या कपाळावर घातली. किटलीला पोचा पडला आणि माझ्या भुवईला खोक. मीही गप्प राहणाऱ्यातली नव्हे. हाताला लागला तो पाण्याचा तांब्या मी त्याच्या जबड्यावर हाणला, त्याचा दात पडला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. अजून वाटत नाही.

दवाखान्यात मला टाके घालत होते, तेव्हा पलीकडच्या खाटेवर त्या बाईच्या मांडीला चिकटलेली साडी सोडवत होते. तिचं ओरडणं माझ्या अंगात शिरलं. ती पिशवी मी बांधली होती. तिथून मी खानावळीत गेलेच नाही.

मी वेगळी चूल मांडली. लहानशी जागा, बसायला बाकडी नाहीत, फक्त पार्सल, आणि पिशवी मिळणार नाही. सुरुवातीला लोक शिव्या देऊन जायचे. एकानं तर दारातच पचकन थुंकून, "लई शाणी हाय," म्हणून ऐकवलं. पण हळूहळू डबे यायला लागले. जे विसरून येत त्यांना मी माझ्याकडची एखादी किटली द्यायची. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी टाकतात. त्यामुळं माझ्या किटल्या परत यायच्या त्या लिंबं, ओल्या शेंगा, गुळाचा खडा घेऊन. त्या रिकामटेकड्या शिव्यांची मी तिथंच वसुली केली, असं मला वाटायचं.

मागच्या महिन्यात भाऊ आला. हातात आईची किटली, पांढऱ्या रश्श्यानं काठोकाठ भरलेली. पोचा तसाच होता.

"माझी गिऱ्हाइकं बी आता डबं घिऊन तुझ्याकडंच यायला लागल्यात," तो म्हणाला. "मी पिशवी बंद केली. चल माघारी. एक चूल करूया."

मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू? त्याच्या हातचा पांढरा नुसता वासानंच मला घरी घेऊन गेला. मी विचारलं, "त्या बाईला बघाया गेलतास?"

"कुठल्या बाईला?"

माझ्या डोक्यात सणक गेली. मी किटली त्याच्या हातातून ओढली आणि सगळा रस्सा त्याच्या पायांशेजारच्या गटारात ओतला. थोडा त्याच्या चपलेवर उडाला. तो हात उगारून पुढं आला. मी मागं सरले नाही. कपाळ तिथंच ठेवलं, पहिल्या खुणेसकट. त्याचा हात खाली गेला.

मग मी किटली राखेनं घासली, धुतली, कोरडी पुसली. साखरेचा डबा हाताशीच होता. किटली त्याच्या हातात दिली. त्यानं झाकण उघडून आत पाहिलं.

"रिकामी देतीस?"

"व्हय," मी म्हटलं.