मीनाकाकींच्या तलासरीच्या खोल्या

घरमालकीण गेली म्हणून भाडेकरूंना रडताना काल मी पहिल्यांदा पाहिलं.

मीनाकाकी काल पहाटे झोपेतच गेल्या.

डहाणूला आमच्या घराला लागूनच त्यांची चिकूची वाडी. वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या. शिवाय तलासरीला, सासऱ्यांच्या जागेवर, ओळीने बांधलेल्या खोल्या. त्या वर्षाच्या कराराने भाड्याने दिलेल्या.

काका गेल्यावर हे सगळं त्या एकट्याच बघायच्या.

मी बाबांच्या घरात होमस्टे सुरू करायचं ठरवलं, तेव्हा आधी त्यांच्याकडेच गेले. वाटलं होतं, रेट किती ठेवायचा ते सांगतील. त्यांनी फोटो मागितले. मी दाखवले. सगळे संध्याकाळचे, सोनेरी उन्हातले.

"आणि पाणी खारट आहे ते कुठे लिहिलंस?"

मी म्हटलं, असं कोण लिहितं काकी?

"तू लिही. समुद्र खिडकीतून दिसत नाही, चालत जावं लागतं, तेही लिही. आल्यावर कळलं की माणूस चिडतो. आधी कळलं की पाण्याच्या बाटल्या घेऊन येतो."

मी लिहिलं. आजपर्यंत पाण्यावरून माझ्याकडे एकही भांडण झालेलं नाही.

कायमच्या भाडेकरूंच्या बाबतीत त्या फार कडक. कितीही ओळखीचा असो, करार रजिस्टर करायचा, पोलीस व्हेरिफिकेशन करायचं. चावी देताना त्याला सोबत घेऊन भिंती, नळ, फरशी सगळ्यांचे फोटो काढायचे आणि तिथल्या तिथे त्याला पाठवायचे. मग डिपॉझिट परत देताना वाद होत नाही.

आणि एकदा चावी दिली की न विचारता आत पाऊल टाकायचं नाही. त्या स्वतःच्याच खोलीबाहेर चपला काढून, हाक मारून उभ्या राहायच्या.

मग भूकंपाच्या धक्क्यांची ती थंडी आली. जमीन हलायला लागली.

इथल्या लोकांना ते दिवस वेगळे सांगायला नकोत. आधी गडगड आवाज, मग भांडी वाजायची. माणसं घर सोडून अंगणात झोपायची.

एका सकाळी तलासरीहून वनिताचा फोन आला. वनिता सरकारी दवाखान्यात नर्स. म्हाताऱ्या आईला घेऊन काकींच्या खोलीत राहायची. म्हणाली, मागची भिंत फाटलीय.

काकी मला म्हणाल्या, चल. आम्ही रिक्षाने गेलो.

भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा होता. त्याच भिंतीला लागून वनिताच्या आईची खाट. शेजारच्या खोलीत कारखान्यात काम करणारा महेश, त्याची बायको आणि तान्हं बाळ. त्यांच्याकडेही तीच भिंत.

गवंडी आधीच येऊन उभा होता. तो म्हणाला, सिमेंट भरतो, वरून रंग मारतो, दिसणारही नाही.

काकींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

"आजपासून इथे कोणी झोपायचं नाही," त्या म्हणाल्या. "सामान बांधा. वाडीत चला."

वाडीतल्या दोन्ही खोल्या नाताळच्या सुट्टीसाठी बुक होत्या. ऐन सीझन. काकींनी रिक्षात बसूनच मुंबईच्या पाहुण्यांना फोन लावला. कसली सबब सांगितली नाही. भिंत फाटलीय, माझी माणसं तिथे राहतात, त्यांना आणतेय, असं सरळ सांगितलं. अ‍ॅडव्हान्स त्याच दिवशी परत केला. एका कुटुंबाला माझ्याकडे पाठवलं. दुसरं फार रागावलं. त्यांनी काकींच्या पेजवर एकच स्टार दिला.

त्यांचा मुलगा नीलेश वापीला नोकरीला. तोही चिडून म्हणाला, ही माणसं एकदा वाडीत शिरली की निघणार नाहीत. त्यांनी आपली सोय बघावी, करारात कुठे लिहिलंय की मालकाने दुसरी जागा द्यायची?

"भिंत पडेल असंही करारात लिहिलेलं नाही," काकी म्हणाल्या.

पण वाडीत मी आणि त्या दोघीच चिकू निवडत बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं, "नीलेश म्हणतो तसं झालं तर गं?"

मलाही तीच भीती होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वनिता आणि महेशला बोलावून कागद केला. ही सोय दुरुस्तीपुरती. खोली तयार झाली की परत जायचं, भाडं जुनंच. तोवर फक्त लाइटबिल द्यायचं. वनिताला जरा वाईट वाटलं असावं. तिला म्हणाल्या, "विश्वास आहे म्हणूनच लिहितेय. मला काही झालं तर तुला कोणी बाहेर काढू नये."

मग इंजिनिअरला बोलावलं. तडा गेलेली भिंत पाडली, लोखंड घालून नवी बांधली. छपरावरची जड कौलं उतरवून पत्रे घातले. पावसाच्या आत काम झालं. तोवर महेशचं बाळ वाडीत रांगायला लागलं होतं.

दोन्ही कुटुंबं आपणहून परत गेली. जाण्याआधी वनिताच्या आईने वाडीतल्या खोल्या शेणाने सारवाव्यात तशा मन लावून पुसल्या. फरशी होती, तरी.

काल स्मशानातून परतल्यावर सगळे अंगणात बसले होते. वनिता नीलेशजवळ गेली. करार काकींच्या नावाचा होता. तिने विचारलं, आम्ही दुसरीकडे बघायला सुरुवात करू का?

नीलेशने सरकून तिला बसायला जागा केली.

मग म्हणाला, "करार आता माझ्या नावाने करू, ताई. तुम्ही आहात तिथेच राहा. फक्त मला यातलं काही येत नाही. आई काय काय करायची, ते तुम्हीच मला सांगा."

वनिता त्याच्याशेजारी खाली बसली आणि सांगायला लागली.

काकी, मनापासून नमस्कार. आता निवांत राहा.