प्रसादाचं पातेलं

"अजून द्या ना थोडं," मी म्हणाले, आणि तिथेच माती खाल्ली.

डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. श्रावणातली सत्यनारायणाची पूजा. कथा संपलेली, आरती झालेली. त्या घरच्या काकांनी पळीभर तीर्थ माझ्या हातावर घातलं. हातावर कसलं, मी नळाखाली धरतात तशी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केलेली. दूध, दही, मध, साखर, वर तुळशीचं पान. एका घोटात पिऊन टाकलं. गोड लागलं म्हणून अजून मागितलं. मग चिकट झालेले हात ओढणीला पुसले.

सोफ्यावर आजी बसलेल्या, काकांच्या आई. ऐंशीच्या पुढच्या, पण नजर कडक. त्या हसूनच म्हणाल्या, "अगं, तीर्थ उजव्या हातावर घ्यायचं. मग हात डोक्याला पुसायचा. तुमच्यात नाही का घेत?"

मी सोळा वर्षांची. अकरावीला. मोठ्या माणसांनी विचारलं की नीट उत्तर द्यायचं, एवढीच अक्कल.

"नाही आजी. आमच्यात पूजा नसते. आमच्यात बुद्धवंदना असते."

शेजारच्या एक बाई शिऱ्याचा चमचा तोंडाशी नेत होत्या. तो परत बशीत ठेवला. आवाज आला त्याचा. स्वयंपाकघराच्या दारात माझी आई उभी होती, पुऱ्या तळता तळता बाहेर आलेली, हातात झारा. तिचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं की मी काहीतरी मोडलंय.

"म्हणजे तुम्ही *ते* का?" आजींनी विचारलं. आईला विचारलं, मला नाही.

आईने वळून गॅस बंद केला. चार वर्षं ती या घरात पोळ्या-भाजी करत होती. कामाला लागली तेव्हा काकूंनी आडनाव विचारलेलं, तिने खरं तेच सांगितलं. आमचं आडनाव मराठ्यांतही आहे, आमच्यातही आहे. काकू म्हणाल्या, "मराठा ना? मग चालेल." आई नुसती हसली. त्या एका हसण्यावर आमचं घर चाललं होतं, आणि त्याच बिल्डिंगमधली तिची आणखी दोन कामं. मला तिने बजावलेलं, तिथे गेलीस की कमी बोलायचं. का ते सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी ओंजळ तरी केली नसती.

पुढचं आजींनी विचारलंसुद्धा नाही. प्रसाद कुणी केलाय ते सगळ्यांना माहीत होतं. काकूंचा हात प्लास्टरमध्ये, आजींना ओट्याशी उभं राहवत नाही. आईने सकाळी तिथेच आंघोळ करून, काकूंनी दिलेली धुतलेली साडी नेसून शिरा केलेला. सव्वा मापाचा, आजींनी खुर्चीत बसून सांगितला तसा. मी पोचले तेव्हा आजी दुसऱ्यांदा घेत होत्या. "घाल गं अजून एक चमचा. काय हाताला चव आहे तुझ्या!" हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. काकांनी चपला घातल्या आणि खाली जाऊन पेढे आणले. पुढे आलेल्या प्रत्येकाला पेढा दिला. शिऱ्याचं पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं, ते ओट्यावर तसंच. आता त्याचं करायचं काय? प्रसाद टाकायचा नसतो, पाप लागतं. आणि खायचा तर नव्हताच. शेवटी काकूंनी एका हाताने त्यावर ताटली ठेवली, आईला फडक्यात बांधायला लावलं. "घेऊन जा घरी. मुलं खातील."

मुलं कुठली? आमच्या घरात मी एकटीच.

खरं सांगू? मी त्या घरावर जळायचे. आधीपासून. त्या दिवसाच्या कितीतरी आधीपासून माझ्या पोटात दुखत होतं.

काकूंची मुलगी सानिका माझ्याच वयाची, तीही अकरावी सायन्सला. तिला स्वतःचं टेबल होतं. खिडकीपाशी, वर दिवा, बाजूला पुस्तकांचं कपाट. विठ्ठलवाडीच्या चाळीत आमची एकच खोली. तिथे बाबा कामावरून येऊन टीव्ही लावणार, शेजारचे डोकावणार. म्हणून काकू म्हणालेल्या, संध्याकाळी सानिका क्लासला गेली की तू बस इथे अभ्यासाला. मी बसायचे. तिच्या क्लासच्या नोट्स वाचायचे. दोन तास ते टेबल माझं असायचं, आणि त्या दोन तासांत माझं गणित चाळीतल्या आख्ख्या दिवसापेक्षा जास्त व्हायचं. मला इंजिनियर व्हायचं होतं. त्या टेबलाशिवाय मी होईन असं मला वाटत नव्हतं.

पण टेबलाचं एक. बाकीच्याचं काय? सानिकाचा चष्मा दर वर्षी तपासायचे. मला पहिला चष्मा दहावीनंतर लागला, तोवर मी समजत होते की फळा सगळ्यांनाच पुसट दिसतो. सानिका "मला कंटाळा आलाय" म्हणायची आणि तिला कुणी धपाटा घालायचं नाही. तिची मावशी पुण्यात प्रोफेसर, मामा परदेशात. काही अडलं की फोन लावायचा. आमचं काही अडलं तर बाबा फोन हातात घेऊन बसायचे, कुणाला लावायचा हेच कळायचं नाही. आणि तिची आजी. मला सगळ्यात जास्त हेवा त्या आजीचा. ऐंशीच्या पुढे, गुडघे बदललेले, रोज सकाळी दूध-बदाम. माझ्या दोन्ही आज्या मी फोटोतच बघितल्या. आमच्या नातेवाइकांत म्हातारी माणसं शोधावी लागतात.

आजी नेहमी सांगायच्या, "आम्हीही गरिबीतूनच वर आलो हो. हे रत्नागिरीहून आले तेव्हा एका पत्र्याच्या ट्रंकेशिवाय काही नव्हतं." आईला पोळ्या लाटताना हे ऐकावं लागायचं. आई मान हलवायची. मी टेबलावरून ऐकायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण माझे आजोबाही रत्नागिरीचेच. तोच तालुका, साधारण तीच वर्षं. ट्रंक नव्हती, कारण ट्रंकेत ठेवायला काही नव्हतं. आजींचे यजमान डोंबिवलीत चुलत्यांच्या घरी उतरले आणि चुलत्यांनी ओळखीने बँकेत चिकटवलं. माझे आजोबा कल्याणला मालधक्क्यावर उतरले आणि तिथेच गोणी उचलायला लागले. अंगावर गोणी पडून कंबर गेली तोवर. दोघंही मेहनती. दोघंही गरीब. मग एकाच्या नातीला टेबल आणि दुसऱ्याच्या नातीला त्या टेबलावर उधारीचे दोन तास, हे कसं झालं? त्या वयात मला हे असं मांडता येत नव्हतं. नुसतं जळता येत होतं.

तर, ते पातेलं घेऊन आम्ही घरी आलो. घरात शिरल्यावर आईने पातेलं जमिनीवर ठेवलं आणि म्हणाली, "जीभ आहे का कात्री? चार वर्षं मी तोंड शिवून काढली, तू चार शब्दांत वाटोळं केलंस."

"मग आधी सांगायचं ना मला!"

"काय सांगायचं होतं? तुझी आई चोरी करते?"

बाबा आले, त्यांना कळलं. त्यांनी शिऱ्याला हात लावला नाही. म्हणाले, आपण त्यांचा देव सोडला, त्यांचं उष्टं कशाला खायचं. आईनेही नाही खाल्ला, स्वतः केलेला असून. मी खाल्ला. तूप, केळं, केशर, बोटाएवढे काजू. खूप गोड लागला आणि मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी मी खात राहिले.

दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. पोळ्यांना सध्या येऊ नका म्हणाल्या. "आम्ही जातपात मानत नाही हो, पण आजींचं तुम्हाला माहितीये. तुम्हाला हवं तर झाडू-लादीचं बघते मी." आई म्हणाली, "विचार करून सांगते." फोन ठेवला आणि खरंच विचार करायला लागली. मला ते सहन होईना. ज्या हातचा शिरा मागून खाल्ला त्या हाताने आता त्यांची लादी पुसायची?

"तू जाणार?"

"न जाऊन काय करू? बाकीची दोन घरं त्याच बिल्डिंगमध्ये आहेत. तुला टेबल नको का?"

टेबल हवं होतं. अजूनही हवं होतं.

पातेलं त्यांचं. परत द्यायला हवं. आईने घासून लख्ख केलं आणि त्यात मूठभर साखर घातली. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यांच्यातही करत नाहीत, एवढं एक दोघांत सारखं. मी पातेलं घेऊन गेले. जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, थांबले. मनात आलं, ही साखर ते खाणार आहेत का? मुंग्यांना घालतील. मी साखर हातातल्या पिशवीत ओतली आणि पातेलं उपडं करून झटकलं.

दार काकूंनी उघडलं. हात अजून प्लास्टरमध्ये, केस विस्कटलेले, चेहरा ओढलेला. घरातून करपल्याचा वास येत होता. मला आत घेतलं, स्वयंपाकघरात नेलं, आवाज खाली आणून म्हणाल्या, "बरं झालं आलीस. हे बघ, मला काही प्रॉब्लेम नाही. तुझ्या आईसारख्या पोळ्या कुणाच्या होत नाहीत, नवीन बाईच्या नुसत्या भाकऱ्या. तू एक कर. आजींना सांग, मी चुकून बोलले. ती वंदना वगैरे मैत्रिणीच्या घरी बघितलेली. बस, एवढंच. आईला उद्यापासून पोळ्यांना येऊ दे. आणि तूही ये अभ्यासाला, टेबल रिकामंच असतं."

मी टेबलाकडे बघितलं. स्वयंपाकघरातून दिसायचं ते. दिवा, कपाट, खिडकी. सानिकाचे हेडफोन कसेही पडलेले. दोन वाक्यं बोलायची आणि सगळं परत मिळणार. आईचं काम, तिची तीन घरं, माझं टेबल. काकू वाईट नव्हत्या. त्यांना खरंच चालत होतं. फक्त मी खोटी असायला हवी होते.

"चल," काकू म्हणाल्या आणि मला बाहेरच्या खोलीत घेऊन आल्या. "आई, ही काय सांगतेय ऐका."

आजींनी चष्मा लावला. दूध-बदामाचा पेला हातात. मी इतक्या जवळून त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. गोरी, सुरकुतलेली, तुकतुकीत. अशी आजी मला हवी होती.

"आजी, मी त्या दिवशी खरं बोलले. आम्ही बौद्ध आहोत. प्रसाद माझ्या आईने केलेला, आणि तुम्ही तो दोनदा मागून खाल्लात. तुम्हाला काही झालं का?"

आजींनी पेला खाली ठेवला. काकू म्हणाल्या, "अगं ए!"

मी पातेलं टीपॉयवर ठेवलं. रिकामं. काकूंनी आत बघितलं आणि त्यांना ते बरोबर कळलं. मी चप्पल घालून खाली आले.

याचं कौतुक कुणी केलं असेल असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. आईची त्या बिल्डिंगमधली तिन्ही कामं आठवड्यात गेली. "तुझं खरं तुला लखलाभ," ती म्हणाली. नंतर ती घरी जीन्सचे धागे कापायचं काम आणायला लागली, निळ्या रंगाने तिची बोटं कायमची काळपट झाली. पोळ्यांचा हात होता तो. ते माझ्यामुळे झालं, हे मी कुणावर ढकलत नाही. इंजिनियरिंगला माझा नंबर लागला नाही. सानिकाचा लागला. मी डिप्लोमा केला, चाळीतल्या त्याच खोलीत, टीव्हीच्या आवाजात, कानात कापूस घालून. आता वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये आहे. सानिका परदेशात आहे असं ऐकते. जळते का? जळते. कशाला खोटं बोलू? तिच्याकडे जे आहे ते मलाही हवं होतं, आणि मी ते घेणार आहे, फक्त त्यांच्या अटीवर नाही.

गेल्या महिन्यात डोंबिवलीत भाड्याने घर बघायला गेले, आईला घेऊन. दोन खोल्या, एकीत खिडकी. मी मनात टेबल लावूनसुद्धा बघितलं. घरमालकांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे मराठा ना?"

आईने माझा हात धरला. घट्ट. तिची काळपट बोटं. तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं, नुसतं हसायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. "बौद्ध."

घर मिळालं नाही. या रविवारी दुसरं बघायला जाणार आहे. तिथेही आडनाव विचारतील, आणि पुढचं मी न विचारता सांगणार आहे.