बेस वाजवणारा की व्हॅन चालवणारा

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी ऑकलंडच्या न्यू लिन भागातल्या एका फार्मसीत कामाला होते. तिथे औषधांची खोकी लावायला एक इंग्लिश माणूस होता, चाळिशीचा, अबोल. एकदा पार्किंगमध्ये माझ्या गाडीतली कॅसेट ऐकून तो थांबला आणि म्हणाला, "या बँडमध्ये मी बेस गिटार वाजवायचो."

मला ते खरं वाटलं नाही. पुण्यात बी.फार्म करताना त्या कर्कश इंग्लिश बँडच्या कॉपी केलेल्या कॅसेट मी झिजेपर्यंत ऐकल्या होत्या. कोण कधी आलं, कोण भांडून गेलं, सगळं पाठ होतं. पहिल्या रेकॉर्डच्या दोन बाजू जवळजवळ वेगळ्याच माणसांनी वाजवलेल्या, दोन्हीकडे ड्रमर तेवढा एक. पुढे तोही गेला. या यादीत ह्याचं नाव कुठेच नव्हतं.

मी आडून आडून विचारू लागले. रेकॉर्ड निघायच्या आधीच आपण बाहेर पडलो, असं त्याने सांगितलं. सोयीचं उत्तर. पहिला गिटारवाला कुरळ्या केसांचा होता म्हणाला. माझ्याकडच्या फोटोत केस सरळ होते. इंटरनेटवरच्या जुन्या चाहत्यांनाही विचारलं. असा कोणी नव्हता, असं त्यांनी कळवलं. मग मी चहाच्या सुट्टीत त्याची ही थाप सगळ्यांना सांगून टाकली. लोक त्याला 'रॉकस्टार' म्हणू लागले. तो आमच्यात बसेनासा झाला. मला वाईट वाटलं नाही. पकडला, एवढंच वाटलं.

पुढच्या वर्षी बँड ऑकलंडला आला. दुपारी तिकीट घ्यायला गेले तर हॉलच्या मागच्या दाराशी हा उभा. बँडवाले गाडीतून उतरून त्याच्या शेजारून आत गेले. एकानेही वळून पाहिलं नाही.

"कोणी ओळखलं नाही ना तुला?" मी विचारलं.

"यांच्यात माझ्या वेळचं कोणीच नाही," तो म्हणाला. "ओळखणार कोण?"

जुने सगळे कधीच गेले, हे मला पाठ होतं, तरी हे कधी सुचलं नव्हतं. पण तेही मला सोयीचंच वाटलं.

तेवढ्यात वायरींचं भेंडोळं घेऊन त्यांचा पिकल्या केसांचा साउंडवाला आला आणि थबकला. "तू व्हॅन चालवायचास ना?"

हा लाल झाला. "हो. आणि दोनदा बेस वाजवला. तुमचा बेसवाला आला नव्हता तेव्हा."

साउंडवाल्याने बराच वेळ आठवून पाहिलं. "असेल," म्हणाला. "तेव्हा कोणीही काहीही वाजवायचं." आणि त्याला आत घेऊन गेला.

सोमवारी फार्मसीत सगळ्यांनी मला, बँडवाल्यांनी त्याला ओळखलं का, म्हणून खोदून विचारलं. बँडच्या जुन्या माणसाने त्याला ओळखलं, हात धरून आत नेलं, एवढंच मी सांगितलं. व्हॅनचं बोलले नाही. तो दारात उभा राहून ऐकत होता. मग खोकी उघडायला गेला.

ते दोनदा त्याने खरंच वाजवलं होतं का, हे मी पुढे कधी विचारलं नाही. माझा विश्वास बसलाय, असंही नाही.