कॉलेजच्या फॉर्मात न मावलेली माणसं

चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. पण आमच्या क्लासातल्या गोष्टी अशा आहेत, की पोटात ठेवल्या तर अपचन होईल. बरं, त्या गोळा करायला मी कुठं हिंडलो नाही. मी आपला टेबलाशी बसून फॉर्म भरत होतो. त्याच आपल्या पायांनी जिना चढून वर आल्या!

नाडगौडा मास्तरांचा क्लास बेळगावात एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आहे. खाली ठाकठूक, वर अल्जिब्रा. मास्तर पोरांना मॅट्रिकला बसवतात, पास करवतात आणि कुठल्या तरी कॉलेजात नाव लागेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडत नाहीत. बेळगावात कॉलेज नाही. त्यामुळं धारवाडला लिहा, सांगलीला लिहा, कोल्हापूरला लिहा, असं चालू असतं. मी स्वतः इंग्रजी तिसरीतनं शाळा सोडली. पण अक्षर बरं, म्हणून फॉर्म लिहायचं काम माझ्याकडं. ज्यानं कॉलेज आतून कधी पाहिलं नाही, त्यानं बाकीच्यांना आत ढकलायचं!

यंदा सगळ्या क्लासाचा जीव टांगणीला लागला होता तो गंगारामसाठी. गंगाराम शहापूरच्या विणकराचा पोरगा. तिसऱ्या खेपेला मॅट्रिक झाला. निकालाच्या दिवशी त्याचे वडील यल्लाप्पाअण्णा माडीवर आले, पेढा दिला आणि म्हणाले,

"मास्तर, मागावर बस म्हंतोय तर ह्यो बसंना. आखाड लागायच्या आत ह्याचं नाव कॉलेजात लागलं तर जाऊ दे. न्हाय लागलं, तर घरात नवा माग मांडलाय. त्यावर बसंल."

माग नुसता बोलण्यातला नव्हता. ताणा चढवून तयार होता! त्या दिवसापासून गंगाराम रोज सकाळी जिन्यातनंच मला हाक मारायचा, "अण्णा, पत्र आलं काय?"

* * *

फॉर्मात एक रकाना असतो, मातृभाषा. मला वाटायचं, याच्याइतका सोपा रकाना नाही.

कणकुंबीकडचा एक पोरगा आला. मी विचारलं, "मातृभाषा काय लिहू?"

तो विचारात पडला. "म्हंजे आई बोलती ती?"

"होय."

"कुणासंगं बोलताना?"

मी पेन खाली ठेवलं. तो बोटं मोजत म्हणाला, "माहेरच्या माणसांसंगं कोंकणी बोलती. बाजारात भाव करताना कानडी. देवाम्होरं मराठी."

मास्तर आतनं म्हणाले, "अरे, एवढी चर्चा कशाला? वडिलांशी काय बोलते ते लिहा आणि सोडा."

पोरगा म्हणाला, "वडलांसंगं बोलतच न्हाय जी. दोन वर्सं झाली!"

* * *

गंगारामचा पहिला फॉर्म अडला तो भलत्याच ठिकाणी. "तुम्ही ब्रिटिश प्रजा की संस्थानी?" असा प्रश्न होता. आता बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, की बेळगाव आहे इंग्रजांच्या अमलात आणि त्याला चिकटलेलं शहापूर संस्थानात. चालता चालता चप्पल एका राज्यात सुटते आणि सापडते दुसऱ्या राज्यात!

मी म्हटलं, "शहापूर म्हणजे संस्थानी."

गंगाराम म्हणाला, "पर अण्णा, आमचं घर हद्दीवरच हाय. माग संस्थानात येतोय, चूल इंग्रजांत."

मास्तरांना खोटं लिहिलेलं अजिबात खपत नाही. त्यांनी चष्मा पुसला. "झोपतोस कुठं?"

"माळ्यावर."

"माळा कुणाचा?"

"आज्जाचा."

"तसं नव्हे रे! कुठल्या राज्यात?"

"पाय संस्थानात, डोस्कं हद्दीवर."

मास्तरांनी अर्धा तास विचार केला आणि मला लिहायला सांगितलं, "संस्थानी. जेवणापुरता ब्रिटिश."

मी लिहिलं. मला काय, अक्षर चांगलं आलं की झालं! पंधरा दिवसांनी फॉर्म परत आला. त्या ओळीखाली कुणी तरी तीन वेळा रेघ मारली होती. शेवटची रेघ मारताना कागद फाटला होता.

त्यानंतर पाठवलेल्या दुसऱ्या फॉर्माला तर उत्तरच आलं नाही. यल्लाप्पाअण्णा रस्त्यात भेटले. नुसतं विचारलं, "आखाड कधी लागतोय हो?"

* * *

चिकोडीचा एक विद्यार्थी मात्र फार हुशार होता. गोरा, नाजूक, आवाज गोड. मी त्याला म्हटलं, "कॅरेक्टर सर्टिफिकेट लागेल. चांगल्या ओळखीच्या माणसाकडून आण."

चार दिवसांनी त्यानं लाखेचा शिक्का मारलेलं पाकीट आणलं. मास्तर म्हणाले, "शिक्का मोडू नका. तसंच पाठवा." आम्ही पाठवलं.

कॉलेजचं उत्तर आलं, "अर्जदाराचे गुण उत्तम आहेत. परंतु आमच्याकडे मुलींच्या राहण्याची सोय नाही."

आम्ही चक्रावलो. पोराला बोलावून विचारलं, "सर्टिफिकेट कुणाकडून आणलंस?"

"आमच्या गावच्या नाटक कंपनीच्या मॅनेजरकडनं. मी तिथं काम करतो न्हवं का!"

"त्यांनी काय लिहिलं होतं?"

पोरानं अभिमानानं पाठ म्हणून दाखवलं. "ह्याचं फिमेल कॅरेक्टर फार चांगलं असून, पाच-पन्नास गावांत गाजलेलं आहे!"

* * *

मास्तरांचा क्लास आधी निपाणीला होता. तिथली ही गोष्ट मास्तर स्वतः सांगतात, त्यामुळं खरी असणार.

क्लास तंबाखूच्या वखारीच्या माडीवर होता. खाली तंबाखू झाडायला लागले, की वर डिक्टेशन बंद. मास्तर म्हणायचे, "नेपोलियन वॉज," आणि सबंध वर्ग म्हणायचा, "आक्छीं!" एका पोराच्या वहीत नेपोलियनच्या पुढं शाईचे शिंतोडेच होते. मास्तरांनी अर्धाही मार्क कापला नाही. म्हणाले, "त्यानं ऐकलं तेच लिहिलंय!"

त्यातला एक पोरगा बेळगावला परीक्षेला बसला. हॉल स्वच्छ, हवा मोकळी. आणि त्याला काही म्हणजे काही आठवेना! भूमितीच्या पेपराला त्यानं हळूच खिशातनं पुडी काढली आणि नाकाशी नेली.

सुपरवायझर झडप घालून आले. "चिठ्ठी आहे?"

"न्हाय सर, तंबाखू हाय. वास घेतला की आठवतंय."

"मला शिकवतोस?" सुपरवायझरांनी पुडी हिसकली, चिठ्ठी शोधायला ती नाकाजवळ नेऊन उघडली, आणि असे शिंकले, असे शिंकले, की तंबाखू पाच बाकांवर उडाली.

पोराला पायथॅगोरस आठवला. गंमत ती नाही. मागच्या चार बाकांवरची पोरं निपाणीचीच होती!

* * *

नाव लागलं म्हणजे आमचं काम संपलं, असं मला पूर्वी वाटायचं. पण खानापूरकडचा एक शेतकऱ्याचा पोरगा धारवाडकडं गेला, तेव्हा कळलं.

मास्तरांनी त्याला निघताना सांगितलं होतं, "तिकडं सगळे कानडी बोलतात. चार शब्द लक्षात ठेव. नको म्हणायचं तर 'ब्याड' म्हण."

पहिल्याच दिवशी वसतिगृहात आचाऱ्यानं त्याला आग्रह करकरून वाढलं. गडी कंठापर्यंत जेवला. आचारी पुन्हा भात घेऊन समोर उभा. नेमके त्याच वेळी रेक्टरसाहेब पाहणीला आले. ते नवे, पुण्याचे, कानडीचा गंध नाही. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "जेवण कसं आहे?"

पोरगा ताटावर आडवा हात धरून आचाऱ्याला म्हणाला, "ब्याड! ब्याड!"

रेक्टरांनी वहीत लिहून घेतलं. शेजारच्या पोराला विचारलं. तोही भरल्या पोटानं आचाऱ्यालाच म्हणाला, "ब्याड!" सगळी पंगत तेच म्हणायला लागली.

संध्याकाळी रेक्टरांनी आचाऱ्याची चांगलीच हजेरी घेतली. तो बिचारा पोरापुढं येऊन हात जोडून मोडक्या मराठीत म्हणाला, "बाबा रे, उद्यापासनं पोट भरलं तर उठून पळ. पर बोलू नगंस!"

* * *

आखाडाला आठ दिवस उरले आणि गंगारामच्या तिसऱ्या फॉर्माला एका कॉलेजाचं पत्र आलं, "उमेदवारानं प्रिन्सिपॉलसाहेबांना समक्ष भेटावं." साहेब खरोखरीचे इंग्रज होते. गंगारामनं पत्र वाचलं आणि तो जिन्यातच बसला.

मास्तर म्हणाले, "घाबरू नको. आपण तालीम करू."

तालमीला साहेब हवा. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी टेबलाखाली पडलेली टाचणी शोधायला वाकलो, पण उपयोग झाला नाही. त्यांचा काळा कोट माझ्या अंगात चढवून मला खुर्चीवर बसवलं. मला इंग्रजी वाक्यं येत होती तीन. मास्तरांनी सांगितलं, "अडलात तर 'व्हाय' म्हणा. साहेब लोक सारखं 'का' विचारतात."

गंगाराम आत आला. मी घाम पुसला आणि म्हटलं, "यू वाँट कॉलेज?"

"येस सर."

"व्हाय?"

"व्हय सर!"

मी गोंधळलो. "व्हाय?"

"व्हय, व्हय!"

"व्हाय?"

"अवं, व्हय म्हंतोय न्हवं! कितींदा इच्यारताय अण्णा?"

मास्तरांनी डोक्याला हात लावला. एवढ्यात खालच्या दुकानाचे मालक वर आले आणि म्हणाले, "मास्तर, तो एवढा व्हय म्हंतोय, तर द्या की त्याला काय पायजे ते!"

* * *

शेवटी भेटीचा दिवस आला. मास्तरांना ताप भरला, म्हणून गंगारामबरोबर मला जावं लागलं. यल्लाप्पाअण्णा स्टेशनवर पोचवायला आले. गाडी हलली, तेव्हा खिडकीशी चालत चालत त्यांनी पोराला सांगितलं,

"हे बघ, मोठ्या माणसाम्होरं टेकायचं न्हाय. त्यो किती बी बस म्हणू दे. आपल्या घरची रीत सोडू नगंस."

लोंढ्याला गाडी बदलली. गंगारामनं वाटेत एक घास खाल्ला नाही. मीही नाही. मला तर साहेबाला भेटायचं नव्हतं, तरी!

साहेबांच्या खोलीच्या दाराला नुसता पडदा होता. गंगाराम आत गेला. मी बाहेर भिंतीला चिकटून उभा राहिलो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

साहेब म्हणाले, "टेक अ सीट."

"नो सर. थँक्यू सर."

"प्लीज, टेक अ सीट."

"नो सर!"

मग कागद चाळल्याचा आवाज. साहेबांनी विचारलं, म्हणजे मला जेवढं कळलं त्यावरनं, की तू बेळगावाहून इथवर आलास कशासाठी?

गंगाराम म्हणाला, "फॉर सीट, सर."

"मग मी देतोय ना? टेक इट!"

"नो सर!"

मी डोळे मिटले. मला तो ताणा चढवलेला माग दिसायला लागला. खुर्ची मागं सरकली. साहेब उठले असावेत. त्यांचा आवाज चढला. "इथं चार वर्षं काढायची आहेत. सीट नको, तर करणार काय तू?"

आता मात्र गंगारामचा आवाज मोठा झाला. इतका मोठा मी तो कधी ऐकला नव्हता.

"आय विल स्टँड, सर! फोर इयर्स!"

आत काही तरी खोकल्यासारखं झालं. बराच वेळ तो खोकला थांबेना. मग गंगाराम फॉर्म घेऊन बाहेर आला. तोंड उतरलेलं. "अण्णा, साहेबाला उबळ आली. माझं काय चुकलं?"

फॉर्मावर तांबड्या पेन्सिलीनं एक ओळ होती. अक्षर वाईट, मला लागेना. आम्ही ती कारकुनाला दाखवली. त्यानं एकदा वाचली, पुन्हा वाचली, मग गंगारामला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं,

"दाखल करून घ्यावं. खुर्ची लागत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही स्टेशनावरनं सरळ शहापुरात गेलो. यल्लाप्पाअण्णा मागावर होते. गंगाराम दारातच उभा राहिला, म्हणून मीच, जन्मात पहिल्यांदा न अडखळता, पहिल्यापासनं शेवटपर्यंत सगळं सांगितलं. यल्लाप्पाअण्णांनी हातातला धोटा थांबवला. फॉर्म घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि कपाळाला लावला. मग नव्या मागाकडं बघितलं, पोराकडं बघितलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले,

"मागावर बस म्हटलं, बसंना, म्हणून कॉलेजला धाडलं. तिथं तर साहेब सोता उठून बस म्हंतोय, तरी बसंना! आता ह्या पोराला बसवायचं तरी कुठं रं?"