कौसल्येनं काढलेलं पोट

कौसल्या गेल्याची बातमी शाळेच्या शिपायानं वर्गात येऊन सांगितली, आणि त्याच दमात विचारलं, उद्या सुट्टी राहील काय बाई? मी फळ्यावर लिहीत होते. पुढचा शब्द लिहिलाच नाही. कावीळ अंगावर काढत ही बाई आमच्या रिसोडच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत राहिली. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायची, हातातलं चित्र होऊ दे. वर्ष उलटून गेलं, तरी तिची आठवण आली की रडू येण्याआधी मला रागच येतो...

मी मराठी शिकवायची, ती ड्रॉइंग. धम्मदीक्षेनंतर शिकून नोकरीला लागलेल्या पहिल्या मुलींपैकी ती एक. घरच्यांना ती नर्स व्हायला हवी होती. तिनं अमरावतीला जाऊन ड्रॉइंगचा कोर्स केला आणि तिथूनच एक भांडण डोक्यात घेऊन आली. तिथं बायका काढायला शिकवल्या त्या सगळ्या कमरेवर घागर घेतलेल्या, सिंहकटीच्या. कॅलेंडरवरच्या बाया कधी बाळंत होतच नाहीत काय, असं ती स्टाफरूममध्ये मोठ्यानं विचारायची. लग्न करायचं तिनं नाकारलं, त्याचंही कारण कुणी विचारलं की भांडायची. ती काढायची ते कापूस वेचणारीची उघडी पाठ, म्हातारीची लोंबलेली छाती, दिवसभर उभं राहून सुजलेले पाय. असली चित्रं विकत कोण घेणार? कुणीच घेतली नाहीत.

माझी धाकटी मुलगी अनसिंगला माहेरी झाली, दुष्काळाच्या आदल्या वर्षी. आमच्याकडे बाळंतिणीचं पोट जुन्या धोतराच्या पट्ट्यानं आवळून बांधतात, म्हणजे ते लवकर आत जातं. आई तेल लावून झालं की पट्टा गुंडाळायची आणि जीव खाऊन ओढायची. आठवडाभरात कौसल्या एसटीनं आली. बाळाकडे धड पाहिलंही नाही.

"इंदू, पोट नको बांधू," ती म्हणाली. "मले ते असंच पाह्यजे."

आई भडकली. मळ्यातली वांगी-मिरच्या विकून लेकी वाढवलेली बाई ती. हिचं पोट सुटलेलं राहिलं तर हिच्या नवऱ्याला तू उत्तर देशील का, असं तिनं तोंडावर विचारलं. कौसल्या म्हणाली, त्यांनाही एक चित्र काढून देईन. शेवटी तह झाला. रविवारी दुपारी पट्टा सुटायचा, दिवेलागणीला पुन्हा बांधायचा. माझ्यासाठी केलेले डिंकाचे लाडू ती खायची आणि मी जरा हलले की माझ्यावरच ओरडायची. बाळ रडलं तर म्हणायची, रडू दे, उजेड चालला. पुढे तर माझं पोट फार लवकर आत चाललंय अशी तिची तक्रार सुरू झाली, मी जणू तिचा विश्वासघात करत होते. तरी मी बसले. कारण त्या दिवसांत सगळे माझ्या पोटाकडे दुरुस्तीला आलेल्या भांड्यासारखं बघत होते. ती एकटीच अशी बघायची, की त्यात काही बिघडलेलंच नाही.

चित्रात मी खाटेवर बसलेली, चोळी सुटी, पोट मांडीवर आलेलं, त्यावर भेगा, बेंबीखालची काळी रेघ. वर माझा चेहरा, झोप न झालेला, वैतागलेला आणि हुबेहूब माझा. भुलाबाईच्या महिन्यात तिनं ते शाळेत मातीच्या भुलाबाईमागे भिंतीवर लावलं. तिचं म्हणणं सरळ होतं. मुली महिनाभर भुलाबाईच्या डोहाळ्यांची आणि बाळंतपणाची गाणी टाळ्या वाजवून गातात, मग भुलाबाईचं पोट पाहिलं तर काय झालं? बरंच काही झालं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यावर चादर टाकली, पण तोवर गावाचं बघून झालं होतं. आमच्याच घरी दोन वेळा जेवणारे माझे दीर खास बघायला गेले, आणि माझ्याच हातची पोळी मोडत म्हणाले, अशी बसणारी बाई कोण असेल, तिच्या घरी विचारणारं कुणी आहे की नाही? मी वाढत होते. नवऱ्यानं ओळखलं असेल तर अजून सांगितलेलं नाही. एवढ्या माणसांनी ते चित्र पाहिलं आणि चेहऱ्याकडे एकानंही पाहिलं नाही. यावर आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग तिनं डोळे पुसले.

"आपून हसून राह्यलो," ती म्हणाली, "पन मी तं तुह्या चेहऱ्यासाठीच काढलं होतं."

तिच्या शोकसभेत तिची चित्रं लावायचं तिच्या भावानं, उत्तमरावांनी, ठरवलं. मी गेले तर भिंतीवरच्या चित्रात माझ्या अंगावर हिरवं काठापदराचं पातळ, गळ्यापासून घोट्यापर्यंत. सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून त्यांनी चित्रांतल्या झाडून सगळ्या बायांना पातळं नेसवून घेतली होती. कापूस वेचणारीच्या पाठीवर पदर, म्हातारीच्या छातीवर पदर. माझ्या तोंडात शिव्या आल्या, पण उत्तमराव रडत होते.

"ताई, लोक आधीच आपल्याले नावं ठेवायले टपले हायेत," ते म्हणाले. "मेल्यावर तरी माह्या बहिनीले हात जोडावं त्यायनं, म्हनून केलं."

यावर काय भांडणार? मी चित्राजवळ गेले. तेवढ्यात मागून दिरांचा आवाज आला, "अरे, ह्या तं आपल्या वहिनी!"

झालं. सगळे जवळ आले. नाक काय काढलंय, डोळे काय काढलेत. अंग झाकल्याबरोबर लोकांना चेहरा दिसला. मग एकेकाला आठवायला लागलं, की हे चित्र आपण आधी कुठं पाहिलंय आणि त्यात काय पाहिलंय. दिरांनी मान खाली घातली. मग मला बोलायला बोलावलं.

"हो, मीच हाये," मी म्हटलं. "कौसल्येनं मले पातळ नेसवलं नव्हतं."

एवढं बोलून मी खाली बसले. पेंटरला विचारलं तर तो म्हणाला, वरचा रंग खरवडला की खालचाही निघून येईल. पोट तर जाईलच, पातळही जाईल. उत्तमरावांकडून ते चित्र मी मागून आणलं आणि बैठकीत लावलं. आलेला माणूस म्हणतो, पातळ मस्त काढलंय. मी चहाचा कप हातात देते आणि सांगते, त्याच्या खाली माझं पोट आहे, सुटलेलं, भेगा पडलेलं, कौसल्येनं काढलेलं. एखादी बाई उठून जवळ जाते आणि त्या हिरव्या रंगावर हात ठेवते. पुरुष बहुतेक बशीत चहा ओतत बसतात. नवरा म्हणतो, दर वेळी सांगितलंच पाहिजे का? सांगितलंच पाहिजे. मी गप्प बसले तर कौसल्या आयुष्यभर पातळंच काढत होती, असं हे लोक धरून चालतील.