पायी जाणाऱ्यांचा रकाना

लातूरच्या क्लासेसच्या रस्त्यावर पायी चालणारी माणसं मी मोजलीच नव्हती. कागदावरचे ते आकडे माझ्या मनाचे होते. हे आजवर बायकोला सांगितलं नाही, ऑफिसातही फार उशिरा सांगितलं. आता लिहितोय. ज्याला टोचायचं त्याला टोचू दे.

माझी नोकरी नांदेडची. आसपासच्या कुठल्याही शहरात रस्ते तुंबायला लागले की आम्हाला गाड्या मोजायला धाडतात. चौकात खुर्ची टाकून बसायचं, मांडीवर पॅड. गाडी गेली की एक रेघ, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. दुचाकी, ऑटो, ट्रक, बस, सगळ्यांना वेगळा रकाना. शेवटचा रकाना पायी जाणाऱ्यांचा. तो चौकात कुणीच भरत नाही. माणसं कुठूनही घुसतात, अर्ध्यातून माघारी फिरतात, मधेच बोलत उभी राहतात. म्हणून तो संध्याकाळी मुक्कामावर भरायचा, गाड्यांच्या मानानं, अंदाजानं. मला ही रीत माझ्या वरच्यानं शिकवली आणि मी ती पुढं दोघांना शिकवली.

त्यात लातूरची ती मोजणी आली मे महिन्यात. परीक्षा झालेल्या, पोरं गाद्या गुंडाळून देगलूर-धर्माबादकडं आपापल्या गावी गेलेली. रस्ता ओस. जुलैत तिथं एक बॅच सुटून दुसरी भरते तेव्हा पोरापोरींच्या गर्दीत डांबर दिसत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. कारण त्याच रस्त्यावर माझी थोरली बहीण राहते. अक्का. लेकरांच्या शिक्षणासाठी लातूरला आली, लेकरं शिकून पांगली, ती राहिली आणि मेस चालवायला लागली. मोजणीच्या दिवसांत मी तिच्याकडंच उतरलो होतो. तो रकाना मी तिच्या ओट्यावर बसून भरला, तिच्या हातचं पिठलं खात. आकडा किरकोळ टाकला. मोठा टाकला असता तर साहेबांनी विचारलं असतं, आणि पुन्हा येऊन मोजावं लागलं असतं. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

त्या कागदावर ‘पायी रहदारी नगण्य’ असा शेरा पडला आणि पायी रस्ता ओलांडायची दुभाजकातली वाट बुजवली गेली. खोटं कशाला बोलू, गाड्या सुरळीत झाल्या. बस वेळेवर यायला लागली. बैठकीत आमचं कौतुक झालं, मी हात जोडून ते घेतलं.

अक्काची चूल रस्त्याच्या या बाजूला, हॉस्टेलं त्या बाजूला. वळसा घेऊन पार पुढच्या चौकातून जायचं तर डबे थंड होतात. मग ती सगळ्यांसारखीच दुभाजकावर चढून उतरायला लागली, दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या. एका दुपारी पाय घसरला. खुबा मोडला, सळई टाकावी लागली. मेस कित्येक महिने बंद.

मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मोसंबी सोलत होतो. ती छताकडं बघत म्हणाली, "बापू, ज्या कोण्या साहेबानं हे मोजलं ना, त्याला माणसं दिसत न्हाईत का रे? निस्त्या गाड्याच दिसतात?"

मी मोसंबी सोलत राहिलो.

यंदा नांदेडच्या क्लासेसच्या रस्त्यावरची वाट बुजवायचं निघालं. लातूरला जमलं, इथंही करा. आणि मोजणी कधी? दिवाळीच्या सुट्टीत, क्लासेस रिकामे असताना. मी रजा टाकली आणि बॅचा भरल्यावर लातूरला गेलो. साधी वही घेतली, बॅच सुटायच्या वेळी दुभाजकापाशी उभा राहिलो आणि फक्त माणसं मोजली. दुभाजक चढून जाणारी एकेक. रेघा ओढून बोट दुखलं.

अक्का काठी टेकत दारात आली. "काय मोजायलास रे बापू?"

"माणसं."

"हाव का. मोज बाबा, मोज. दिसली म्हणायची एकदाची."

ती वही मी आमच्या साहेबांपुढं ठेवली, सोबत माझ्या सहीचं पत्र: लातूरच्या अहवालातला पायी रहदारीचा रकाना मी बसून भरला, तो खोटा आहे. नांदेडची मोजणी क्लासेस भरल्यावर करावी, सुट्टीत मी करणार नाही. साहेब वाईट माणूस नाही. सगळेच तसं करतात, आता कशाला उकरता, असं हळू आवाजात समजावत राहिले. शेजारच्या टेबलावरून एकजण म्हणाला, "हरिश्चंद्राचं पद आपल्याकडं मंजूर नाही, भाऊ." सगळे हसले. मीही हसलो. पत्र मात्र मागं घेतलं नाही.

कारणे दाखवा नोटीस आली. मी उत्तर दिलं: कारण काही नाही, आळस होता. सगळे करतात म्हणून तो माझा नव्हता असं होत नाही. पेन्शन अडवायची तर अडवा. यापुढं पायी जाणाऱ्यांचा रकाना मी चौकात उभं राहूनच भरणार, आणि ज्या दोघांना उलटं शिकवलं त्यांनाही बरोबर उभं करणार.

नांदेडची वाट तूर्त उघडी आहे. लातूरची अजून बंदच. अक्काच्या मेसची निम्मी पोरं तुटली, जी येऊन डबा नेतात तेवढ्यावर तिची चूल पेटते. माझं पत्र साहेबांनी वाचलं, ऑफिसनं वाचलं, वरच्यांनीही वाचलं. तिनं वाचलेलं नाही, कारण मी दाखवलेलं नाही. तिचा खुबा माझ्या आकड्यानं मोडला, हे तिच्यासमोर बसून माझ्या तोंडानं सांगायचं अजून बाकी आहे.